अमावास्येचा हीटर

गाडीत काकवी सांडलीय, हे आमच्या घरात झालेलं पहिलं निदान. जानेवारीतली गोष्ट. बायको म्हणाली, "अहो, डिकीतली काकवी सांडली का?" मी डिकी उघडून पाहिली. आत स्टेपनी, जॅक आणि गणपतीच्या मांडवातनं आलेली एक ताडपत्री. काकवी मुळात आणलेलीच नव्हती. वास मात्र होता. गोडसर, किंचित उग्र, कढईच्या कडेला लागलेल्या पाकासारखा. गुऱ्हाळांचे दिवस. फुलेवाडीच्या पुढं गेलं की त्या दिवसांत हवेलाच गूळ लागलेला असतो. त्यामुळं कोल्हापुरात गोड वासाचा कुणाला संशय येत नाही. हा वास बाहेरचा नव्हे, आपल्याच गाडीचा, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. मध्यंतरी पुढच्या काचेवर आतून धूसर थर धरायला लागला होता. पुसला की जायच्याऐवजी पसरायचा, तेलाचा हात फिरवल्यासारखा. तो दोष मी फडक्याला दिला. मग एका सकाळी रंकाळ्यावरून परतताना बायकोनं चप्पल काढून तळवा खालच्या मॅटवर टेकवला आणि झटक्यात वर घेतला. मी गाडी कडेला घेऊन बोट लावून पाहिलं. हिरवट, बुळबुळीत. कूलंट.

गाडी म्हणजे ॲम्बॅसिडर. मार्क फोर, 1982 सालची, पेट्रोल, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1988 मध्ये बेळगावात घेतली, फौजेतून निवृत्त होऊन तिथं स्थायिक झालेल्या एका मराठा अधिकाऱ्याकडून. त्यांची नोकरी बरीचशी उत्तरेत झालेली, गाडीही तिकडंच वापरलेली. म्हणून तिच्यात इकडच्या ॲम्बॅसिडरमध्ये मी कधी न पाहिलेली एक वस्तू होती. डॅशबोर्डच्या खाली, शेजारी बसणाऱ्याच्या नडगीसमोर, बिस्किटाच्या मोठ्या डब्याएवढी काळी पत्र्याची पेटी. हीटर.

कोल्हापुरात हीटर. आमची थंडी म्हणजे काय? पहाटे पारा चौदा-पंधरावर येतो, रंकाळ्यावर फिरणारे कानाला मफलर गुंडाळतात आणि नऊ वाजता तोच मफलर कमरेला बांधून मिसळ खायला जातात. या गावात गाडीला हीटर असणं म्हणजे रंकाळ्याच्या होडीला दिवा असण्यासारखं. तरीही आण्णा तो वापरायचे, आणि वापरायचे तेही मे महिन्यात.

आईचं माहेर घाटाखाली, वैभववाडीकडं. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या लादून आम्ही परत यायचो तेव्हा घाटाच्या निम्म्यावर पाण्याचा काटा सरकायला लागायचा. आण्णा बोलायचे काही नाहीत. वाकून पेटीवरची खिटी ओढायचे, पंख्याचं बटण दाबायचे. दुपारचे दोन, बाहेर लू, आत पाच माणसं, आंब्याचा वास, आणि त्यात पायावर भट्टीची धग. आई ओरडायची, "अवो, बंद करा की त्ये! पाय भाजालेत." आण्णा खिडकीतनं हात बाहेर टाकून पुढं बघत राहायचे. आम्हां पोरांना वाटायचं, आण्णांना थंडी वाजते. माणसाला वय झालं की मे महिन्यातही थंडी वाजत असावी, असा माझा अंदाज होता. आण्णा तेव्हा चाळिशीचे होते.

कारण नंतर समजलं. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी हेडमधून तापून निघतं, पुढच्या रेडिएटरमध्ये निवतं, परत फिरतं. हीटर म्हणजे याच पाण्याची एक आडवाट. हेडच्या मागच्या अंगाला एक छोटा पितळी नळ असतो. तो उघडला की थोडं गरम पाणी होजमधून, इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याला असलेल्या भोकातून आत येतं, पेटीतल्या जाळीत फिरतं आणि दुसऱ्या होजमधून पंपाकडं जातं. जाळीमागचा पंखा तिची ऊब आत फेकतो. म्हणजे हीटर हा दुसरा, छोटा रेडिएटर. घाटात पहिला दमला की आण्णा दुसऱ्याला जुंपायचे. थंडीसाठी केलेली वस्तू आमच्या घरात इंजिनाच्या तापावर औषध होती. अनुपान मात्र आमच्या नडग्यांचं.

पेट्रोलच्या इंजिनाचा व्यवहार तसाही आतबट्ट्याचाच. शंभर रुपयांचं पेट्रोल जाळलं तर चाकं फिरवायला पंचवीस-तीस रुपये कामी येतात. जवळजवळ तेवढेच पाण्यात जातात, उरलेले सायलेन्सरमधून आणि इकडंतिकडं. पाण्यात जाणाऱ्या पैशातून माणसाचे पाय शेकावेत ही कल्पना सुचायला मोटारींना बरीच वर्षं लागली. सुरुवातीला लोक घोंगड्या पांघरून, पायाशी निखाऱ्यांच्या पेट्या ठेवून गाड्या हाकत. पुढं सायलेन्सरच्या धुराच्या नळीभोवतीची हवा आत घेऊ लागले. त्यात ऊब कमी आणि विषारी वायूची भीती जास्त. इंजिनाचं गरम पाणी जाळीत फिरवणारा हीटर अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1930 मध्ये आणला. आमची ॲम्बॅसिडर म्हणजे मूळची इंग्लंडमधल्या काऊली इथली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी आवृत्ती. 1957 नंतर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला ती जी बनायला लागली ती 2014 पर्यंत. काऊलीच्या धुक्यात हीटरचं काम सरळ होतं. पुढं नशिबात आंब्याच्या पेट्या आणि करूळ घाट लिहिलाय, हे तिथं कुणाला ठाऊक असणार!

आण्णांचा हीटरशी आणखी एक व्यवहार होता, आणि खरं तर त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. आमच्याकडं अमावास्येला गाडी धुतात. ट्रकपासून मोपेडपर्यंत सगळी वाहनं त्या दिवशी न्हातात, जुनं लिंबू-मिरची सोडून नवं बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, कुणी नारळ फोडतं. आण्णा हे सगळं करायचे. शेवटी गाडीत बसून इंजिन चालू करायचे, काटा वर आला की हीटर पूर्ण उघडायचे आणि पाच मिनिटं दारं उघडी टाकून तसेच बसायचे. मग बंद. आम्ही भावंडं आळीपाळीनं त्या पेटीपुढं हात धरायचो, आरतीवर धरतो तसे. माझी कितीतरी वर्षं खात्री होती की हीटर हा पूजेचाच भाग आहे. लिंबू, मिरची, नारळ, हीटर.

2012 मध्ये आण्णा गेले. गाडी माझ्याकडं आली. अमावास्या मी चुकवल्या नाहीत. गाडी धुतली, लिंबू बांधलं, नारळ फोडला. हीटर तेवढा सोडला. का सोडला, याला उत्तर नाही. ठरवून सोडलं असतं तर उत्तर असतं. पेट्रोल फुकट कशाला जाळायचं, असं एकदा मनात आलं असेल. पुढच्या वेळी तेही आलं नसेल.

बारा वर्षं तो पितळी नळ बंद राहिला. जाळीत जे पाणी अडकलं होतं ते तिथंच बसलं. आणि आण्णा पाणीच वापरायचे, साधं, नळाचं. आपल्याकडं पाणी गोठायची भीती नाही, मग कूलंटवर पैसे कशाला, हा त्यांचा हिशेब. इंजिन ओतीव लोखंडाचं. त्याचा गंज पाण्यात उतरतो, पाणी कोऱ्या चहासारखं होतं. फिरत्या पाण्यातला गंज निदान फिरत तरी असतो. बसलेल्या पाण्यातला गाळ होतो आणि गाळाखाली जाळी खायला लागतो. जिथं जिथं बारीक भोक पडलं तिथं तिथं गाळानंच ते बुजवलं, म्हणून बारा वर्षं काही कळलं नाही. मागच्या वर्षी गॅरेजवाल्यानं चांगल्याच हेतूनं तो चहा काढून हिरवं कूलंट भरलं. त्याच धांदलीत हीटरचा नळही कुणाच्या तरी हातून फिरला असावा. कूलंटनं गाळ मोकळा केला, भोकं उघडी पडली आणि आमच्याकडं काकवी सांडली.

गाडी मिस्त्रींकडं नेली. त्यांनी बॉनेटखाली एकदा पाहिलं, आत वाकून पेटीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. "हीटर गेलाय सर. बायपास करूया." दोन्ही होज काढायचे, हेडच्या नळापासून पंपापर्यंत एकच तुकडा वाकवून जोडायचा, पेटी राहील तशी शोभेला. अर्ध्या तासाचं काम. "हितं हीटर कशाला लागतोय? मी तीस वर्षांत एकबी बसवला न्हाई. काढलेत मात्र."

त्यांचं चूक नव्हतं. वाकड्या तुकड्यानं गाडीचं काहीही बिघडत नाही. मीही हो म्हणून घरी आलो. बायपास हा शब्द आमच्या गल्लीत आता इतका घरचा झालाय की गाडीचा बायपास ठरल्याचं ऐकून समोरच्या काकू संध्याकाळी डबा घेऊन आल्या आणि मला उठून बसू नका म्हणाल्या.

रात्री झोप लागेना, असं लिहायची पद्धत आहे. मला झोप नीट लागली. पण सकाळी चहा घेताना अमावास्या कधी आहे ते पाहायला मी कॅलेंडर उलटलं आणि तिथंच थांबलो. लिंबू-मिरचीनं बारा वर्षांत काय केलं ते मला सांगता येणार नाही. हीटरच्या पाच मिनिटांनी काय केलं असतं ते समोर मॅटवर सांडलं होतं. आण्णांच्या पूजेतलं जे दिसायचं ते मी ठेवलं आणि जे काम करायचं ते टाकलं. मिस्त्रींना फोन करून सांगितलं, बायपास नको, हीटर बसवायचा. पलीकडं थोडा वेळ शांतता. "बरं. मग येळ लागंल."

पेठेत कुणी काही दुरुस्त करायला काढलं की ते सार्वजनिक होतं. निवृत्ती चौकापर्यंत बातमी जायला तासभर पुरतो. "सर, हीटर? आता बर्फबी पाडा की टपावर." "सर काश्मीरला निघाले जनू." एकानं विचारलं, त्यापेक्षा एसी का बसवत नाही? प्रश्न रास्त होता, म्हणूनच राग आला. माझी बाजू घेतली ती मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं. वय असेल सोळा-सतरा, सगळे त्याला बारक्या म्हणतात. तो म्हणाला, "दसऱ्याला मेबॅक येतीया का न्हाई चौकात? तिला कोण इचारतंय, हितं तुजं काय काम म्हणून?" छत्रपतींची मेबॅक आणि आमची ॲम्बॅसिडर एका वाक्यात आल्यावर कट्टा जरा वरमला. सीमोल्लंघनाला दसरा चौकात ती लांबलचक गाडी येते तेव्हा टाचा उंचावून बघणाऱ्यांत हे सगळेच असतात.

काम सुरू झालं होजपासून. बारक्यानं पकडीनं होज पिरगाळून ओढायला घेतला तशी मिस्त्रींनी त्याच्या हातावर चापट मारली. जुना होज तोटीला चिकटून बसलेला असतो. पिरगाळला तर तो सुटत नाही, तोटीच जाळीतनं उचकटते. क्लिप सैल करायची, होजला लांबीत ब्लेडनं चीर द्यायची आणि केळीच्या सोपासारखा सोलून काढायचा. होज जाणारच आहे, त्याची दया करायची नाही.

सोललेला होज मी हातात घेतला. बाहेरून अगदी ठीक. काळा, गुळगुळीत, थोडी धूळ. आतून मात्र लांबीत भेगा, नदीकाठच्या वाळलेल्या चिखलासारख्या, आणि त्या तोंडाजवळच्या दोन इंचांत सगळ्यात जास्त. होज बाहेरून जुना होतो अशी माझी समजूत होती. तो आतून मरतो. होजच्या रबरात काजळी कालवलेली असते, त्यामुळं त्यातून थोडी वीज वाहू शकते. एका बाजूला धातूची तोटी, तिच्यावर रबर, भोवती क्षारांचं पाणी, एवढ्यावर बारीकसा बॅटरीचा सेल तयार होतो आणि तोटीजवळचं रबर वर्षानुवर्षं कुरतडत राहतो. म्हणून होज तपासताना मध्ये दाबून उपयोग नाही. इंजिन थंड असताना क्लिपजवळ दाबायचा, मग मधे दाबायचा. तोंडाशी तो पोळीच्या कणकेसारखा मऊ लागला किंवा आत काही कुरकुरलं, तर त्याचे दिवस भरले.

खाली परातीत कूलंट साठलं होतं आणि गल्लीतलं मांजर गोड वासानं जवळ आलं. मिस्त्री पाना टाकून धावले. त्या हिरव्या गोड पाण्याचे चमचा-दोन चमचे पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. परात लगेच झाकून आत ठेवली. हे एवढं मात्र ज्यानं त्यानं लक्षात ठेवावं, गाडी जुनी असो की नवी.

मग पेटी. चार बोल्ट, त्यातले तीन सुटले. चौथा आडून बसला होता. त्याच्यापायी बारक्या अर्धा तास पुढच्या सीटवर उलटा पडून होता, पाय खिडकीबाहेर, डोकं डॅशबोर्डखाली. आतून मधूनमधून शिव्या येत होत्या, बोल्टला उद्देशून, पण माझ्या वयाचा मान राखून. पेटी निघाली. उघडताना मला वाटलं होतं, उत्तरेतलं काहीतरी सापडेल. देवदाराचं पान म्हणा, अक्रोडाचं टरफल म्हणा. लिहिणाऱ्या माणसाला अशा अपेक्षा असतात. निघाली शेंगांची टरफलं. ओंजळभर. पंख्यानं ओढून जाळीच्या तोंडावर थापलेली. घाटात आम्ही मागं बसून शेंगा खायचो आणि टरफलं पुढच्या सीटखाली ढकलायचो, कारण बाहेर टाकली तर आण्णा ओरडायचे. म्हणजे हीटरच्या या अवस्थेत गंजाचा वाटा होता तसा आम्हां भावंडांचाही. टरफलांत एक चार आण्याचं नाणं होतं. चार आणे चलनातून गेले 2011 मध्ये. नाणं बारक्याच्या हातावर ठेवलं. त्यानं उलटसुलट पाहून विचारलं, ह्येचं काय यायचं?

जाळी घेऊन मी उद्यमनगरात गेलो. या गावात कुठलीही वस्तू बिघडली की शेवटचा रस्ता तिथं जातो. लेथचा आवाज, कापलेल्या लोखंडाचा वास, दारात पडलेला भुसा. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथल्या इथं तयार केला, त्या गावाची ही पुढची पिढी. परदेशातून मागवण्यापेक्षा करून बघूया, ही खोड जुनी आहे. रेडिएटरवाले एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांनी जाळी तळहातावर घेतली, भाकरी तोलावी तशी. मोठ्या वहीएवढी ती जाळी. वर-खाली पितळेच्या टाक्या, मधे पितळेच्या चपट्या नळ्या आणि नळ्यांमध्ये तांब्याच्या कागदासारख्या पातळ घड्या, उष्णता हवेला द्यायला. एका तोटीला रबरी बूच मारलं, दुसरीत पंपानं हलकी हवा सोडली आणि जाळी पाण्याच्या हौदात धरली.

हौदाच्या काठावर दोघंही वाकून बघत होतो. आधी काहीच नाही. मग एका कोपऱ्यातून एक बुडबुडा सुटला, वर आला, फुटला. त्याच्यामागून माळच सुरू झाली. मग दुसरीकडून. ते खडूनं खुणा करत गेले. सात खुणा झाल्यावर त्यांनी खडू ठेवला.

"डाख देतो म्हणलं तर सात ठिकाणी देतो. आठवं भोक तुमी घरी जाईस्तोवर पडंल. टाक्या चांगल्या हाईत. मधली जाळी नवी घालू."

ते काम मी तिथंच बसून पाहिलं. टाकीचा जुना डाख बत्तीच्या ज्योतीवर वितळून पाऱ्यासारखा घरंगळला आणि टाकी हलकेच सुटून हातात आली. आत तळाशी विटकरी रंगाचा चिखल, बोटानं खरवडावा असा. नव्या जाळीच्या नळ्यांची टोकं घासून चकचकीत केली. मग 'मारलेलं' ॲसिड लावलं. ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकायचे, ते फसफसून खायचं तेवढं खाऊन शांत झालं की त्याला मारलेलं म्हणतात. ते पितळ खात नाही, फक्त त्याच्यावरचा मळ काढतं. मग शिसं-कथलाची कांडी. ज्योत जवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ. एका क्षणी कांडीचं टोक ओलं दिसायला लागलं आणि डाख आपणहून नळीभोवती धावला, गोल फिरून बंद झाला. आजोबांचा हात तोपर्यंत पुढच्या नळीवर गेला होता. हल्लीच्या गाड्यांच्या जाळ्या ॲल्युमिनियमच्या, टाक्या प्लॅस्टिकच्या, दुमडून बसवलेल्या. त्यांना डाख लागत नाही. गेलं की फेकायचं. आजोबांच्या धंद्यात आता जुने ट्रॅक्टर, जनरेटर आणि माझ्यासारखे लोक उरलेत.

होजची कथा थोडक्यात सांगतो. दुकानदारानं आधी गॅसचा पाईप दाखवला, मग बागेचा. "पानीच जायचंय न्हवं?" पाणीच जायचं, पण नव्वद अंशांचं आणि दाबाखालचं. रेडिएटरचं झाकण पाण्यावर दाब धरून ठेवतं. दर पौंडामागं पाण्याची उकळी साधारण दीड अंशानं पुढं ढकलली जाते. बागेचा पाईप पहिल्या घाटात फुग्यासारखा फुगून फुटला असता आणि शेजारी बसलेल्याच्या पायांवर सगळं आलं असतं. तिसऱ्या दुकानात आतून दोऱ्याचं विणकाम असलेला, उष्णतेच्या रबराचा होज मिळाला, फुटावर मोजून. सोबत नव्या क्लिपा. जुन्या क्लिपा पुन्हा वापरायला मिस्त्री तयार होते, मी नव्हतो.

सगळं बसलं. कूलंट भरलं. इंजिन तापलं, काटा वर आला, नळ उघडला, पंखा लावला. हवा आली ती थंडगार.

कट्ट्यावरचे हसायच्या बेतात होते. मिस्त्रींनी आत येणारा होज चिमटीत धरला, मग परतीचा. एक गरम, एक गार. "हवा धरलीया." नव्या जाळीत हवेचा गोळा अडकला होता आणि पाणी त्याला ढकलू शकत नव्हतं. उपाय सोपा. इंजिन निवू दिलं, जॅक लावून गाडीचं तोंड वीतभर उचललं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच झालं. झाकण काढून पुन्हा इंजिन चालू केलं आणि बारक्यानं होज दाबत-सोडत राहायचं, म्हशीच्या आचळागत. चार-पाच मिनिटांनी रेडिएटरच्या तोंडाशी डब्ब असा आवाज आला, मोठा बुडबुडा फुटला आणि पाणी वीतभर खाली गेलं. वरून आणखी कूलंट ओतलं. बारक्यानं पेटीपुढं हात धरला आणि झटकन मागं घेतला.

मार्चमध्ये आईला घेऊन माहेरी गेलो. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, पुढच्याच सीटवर बसते. येताना भुईबावडा घाटात, तिसऱ्या वळणानंतर, काटा सरकायला लागला. मी वाकून खिटी ओढली, पंख्याचं बटण दाबलं. थोड्या वेळानं काटा जागेवर थांबला, मग एक रेघ खाली आला. मी तिच्याकडं पाहिलं नाही. खिडकीतनं हात बाहेर टाकला आणि पुढं बघत राहिलो.

"बंद कर की रं त्ये," आई म्हणाली. "पाय भाजालेत."

घाटमाथ्यावर बंद केला.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल तर एवढं करा. येत्या अमावास्येला लिंबू बांधून झालं की इंजिन तापू द्या, हीटर पूर्ण उघडा आणि पाच मिनिटं चालू ठेवा. घरात पोरं असतील तर त्यांना पेटीपुढं हात धरायला बोलवा. टरफलं मात्र आधी काढून घ्या.